हाताचा डाग कशानें जातो?

तापीच्या कांठीं आमचें सारंगखेडा वसलें आहे. मार्गशीर्षांत दत्तजयंतीला येथें एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि त्या यात्रेंत घोड्यांचा मोठा बाजार लागतो. तो बाजार मी लहानपणापासून पाहत आलों आहें. घोडा पारखणारीं जाणतीं माणसें एक गोष्ट नेहमीं सांगतात. जनावर चाबकानें चालतें, परंतु वळतें तें विश्वासानें. ज्याला केवळ माराचें भय घातलें आहे, तो घोडा मालक समोर असेपर्यंतच मालकाचा. मालकाची पाठ फिरली कीं त्याचा भरंवसा नाहीं. माणसांच्या बाबतींत हें कितपत खरें आहे, याचा विचार आज आपल्यापुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे.

मी एक साधा, मॅट्रिक झालेला शाळामास्तर. आयुष्य मुलांना शिकविण्यांत गेलें. तेव्हां विद्वत्तेचा अधिकार मी सांगत नाहीं. पण एक जुनें शोकान्त नाटक आणि तुरुंगावरील एक चित्रपट हीं दोन मीं पुष्कळ वर्षें मनांत शेजारीं शेजारीं ठेवलीं आहेत. नाटक म्हणजे शेक्सपिअरचें ‘मॅक्बेथ’, आणि चित्रपट म्हणजे व्ही. शांताराम यांचा 1957 सालचा ‘दो आँखें बारह हाथ’. दोहोंत सत्ता आहे, दोहोंत विश्वासघात आहे आणि दोहोंत रक्तानें माखलेले हात आहेत. एकांत तो डाग मरेपर्यंत जात नाहीं, दुसऱ्यांत तो जातो. असें कां व्हावें?

प्रथम नाटक पाहूं. 1606 च्या सुमारास लिहिलेलें हें नाटक मराठीला परकें राहिलेलें नाहीं. शिवराम महादेव परांजपे यांनीं तें ‘मानाजीराव’ या नांवानें मराठींत आणलें. पुढें 1954 सालीं वि. वा. शिरवाडकरांचें ‘राजमुकुट’ रंगभूमीवर आलें. त्यांत नानासाहेब फाटक आणि दुर्गा खोटे यांनीं प्रमुख भूमिका केल्या. कथा अशी : मॅक्बेथ हा स्कॉटलंडचा राजा डंकन याचा शूर सेनापति. रण जिंकून परततांना त्याला तीन चेटकिणी भेटतात आणि तूं राजा होशील असें भविष्य सांगतात. मनांत दडलेल्या लोभाला शब्द मिळतात; त्या शब्दांना धार लावण्याचें काम त्याची पत्नी करते. पुढें राजा त्याच्याच वाड्यांत पाहुणा म्हणून उतरतो आणि निजलेल्या राजाचा तो खून करतो. या एका कृत्यांत विश्वासघात तिहेरी आहे. डंकन हा त्याचा आप्त, त्याचा धनी आणि त्याचा अतिथि. दारावर पहारा करावयाचा तो यजमानच सुरा घेऊन आंत शिरला!

खुनाच्या रात्रीं त्याची पत्नी त्याला धीर देते कीं, थोडेंसें पाणी घेतलें म्हणजे हात स्वच्छ होतील. पण तीच स्त्री पुढें झोपेंत चालूं लागते, आणि हात चोळचोळून धुतल्यासारखें करते. डाग कांहीं केल्या जात नाहीं. ज्या हातांना पाणी पुरेल असें तिला वाटलें होतें, त्यांना आतां सारीं सुगंधी द्रव्येंहि पुरत नाहींत.

आतां कोणी म्हणेल कीं, मॅक्बेथ मुळांतच दुष्ट होता, त्याला पश्चात्ताप कोठून होणार? पण नाटक लक्षपूर्वक वाचलें तर असें दिसतें कीं, त्याला मनोदेवता नव्हती असें नाहीं. उलट ती फार जागी होती. खुनापूर्वीं तो कचरतो, खुनानंतर त्याची झोप उडते. पश्चात्तापाचें सारें साहित्य त्याच्यापाशीं आहे. मग अडलें कोठें? अडलें तें मुकुटापाशीं. खऱ्या पश्चात्तापाची पहिली अट ही कीं, पापानें जें मिळविलें तें खालीं ठेवावें. मॅक्बेथला डंकनचा मुकुट डोक्यावर ठेवून डंकनचें रक्त धुवावयाचें आहे. तें शक्य नाहीं. शिवाय सत्तेनें त्याला एक घातक सोय करून दिली आहे. एक रक्त झाकावयास तो दुसरें रक्त सांडूं शकतो. मित्र बँको याला संशय आला, त्याला मारलें. मॅकडफ पळाला, तर त्याच्या बायकामुलांना मारलें. सामान्य माणसाला गुन्हा झाकतां येत नाहीं, म्हणून तो कधीं तरी कबूल करतो. राजाला तो झाकतां येतो, म्हणून तो बुडतो.

या नाटकांतील एका लहानशा प्रसंगाकडे मी आपलें लक्ष मुद्दाम वेधतों. तो प्रसंग वाचकांच्या नजरेंतून बहुधा निसटतो. मॅक्बेथच्या आधीं एका सरदारानें राजद्रोह केलेला असतो. त्याची जहागीर आणि ‘कॉडरचा सरदार’ ही पदवी काढून घेऊन राजा ती मॅक्बेथला देतो. त्या पहिल्या सरदाराला देहदंड होतो. मरतांना त्यानें आपला अपराध मोकळेपणीं कबूल केला, राजाची क्षमा मागितली, आणि त्याच्या साऱ्या आयुष्यांत मरणाइतकी शोभिवंत गोष्ट दुसरी नव्हती, अशी वार्ता राजपुत्र आणतो. पहा, मॅक्बेथनें त्या सरदाराची पदवी घेतली, त्याचा राजद्रोहहि घेतला. पण त्याचा पश्चात्ताप मात्र घेतला नाहीं. एकाची सत्ता गेली होती म्हणून तो सुटला, दुसऱ्याला ती मिळाली म्हणून तो अडकला.

आतां चित्रपटाकडे वळूं. त्यांत आदिनाथ नांवाचा एक तरुण तुरुंगाधिकारी आहे. खुनाच्या अपराधांत सांपडलेले सहा कैदी तो वरिष्ठांकडून मागून घेतो आणि बेड्यांवांचून एका ओसाड माळरानावर नेतो. हे सहा कैदी म्हणजेच ते बारा हात. दोन डोळे आदिनाथचे. त्यांच्याबरोबर तोहि खपतो आणि माळावर मळा फुलतो. भाजी बाजारांत जाते, ती स्वस्त व चोख असते, म्हणून बाजार मुठींत ठेवणाऱ्या व्यापाऱ्याच्या डोळ्यांत ती सलते. शेवटीं त्याचीं माणसें मळ्यावर चालून येतात आणि मळा वांचवितांना आदिनाथ प्राणास मुकतो. पण ते बारा हात पुन्हा सुऱ्याकडे वळत नाहींत. शांताराम यांनीं स्वतःच आदिनाथची भूमिका केली आहे. या चित्रपटास राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें, आणि 1958 सालीं बर्लिनच्या महोत्सवांतहि त्याचा गौरव झाला.

मॅक्बेथच्या वाड्यांत राजानें विश्वास टाकला आणि त्याचा घात झाला. माळरानावर अधिकाऱ्यानें खुनी माणसांवर विश्वास टाकला आणि ते माणूस झाले. तेव्हां नुसता विश्वास टाकल्यानें सारें साधतें, असें भाबडेपणानें म्हणतां येणार नाहीं. भेद कोठें आहे तो पाहिला पाहिजे. डंकननें मॅक्बेथला पदवी दिली, मान दिला, पण काम आणि जाब दिला नाहीं. आदिनाथनें कैद्यांना पदवी दिली नाहीं. त्यानें त्यांना नांगर दिला. त्यांचा गुन्हा जगजाहीर होता, शिक्षा उभी होती, झाकण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. ज्याला कांहीं झाकावयाचें नाहीं, त्यालाच नवा आरंभ करतां येतो. आणि दुसरें असें कीं, आदिनाथनें आपल्या हातांतील सत्ता वापरली नाहीं. दंडुका त्याचा होता, तो त्यानें खालीं ठेवला. लेडी मॅक्बेथचे हात पाण्यानें शुद्ध झाले नाहींत. या बारा हातांची शुद्धि मातीनें झाली.

ही केवळ पडद्यावरची कल्पना असती, तर मीं आपला वेळ घेतला नसता. परंतु या कथेचें मूळ आपल्या महाराष्ट्रांत आहे. साताऱ्याकडील औंध संस्थानचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि, हे सूर्यनमस्काराच्या प्रसारामुळें पुष्कळांस माहीत आहेत. 1939 सालीं महात्मा गांधींच्या सल्ल्यानें त्यांनीं आपल्या संस्थानांत नवी घटना अमलांत आणली आणि राज्यकारभाराची सत्ता प्रजेच्या हातीं दिली. त्याच सुमारास, त्याच संस्थानांत आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही भिंतीवांचूनची कैद्यांची वसाहत उभी राहिली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियरचा त्यांत पुढाकार होता. तेथें जन्मठेपेचे कैदी शेती करीत, आणि आपलीं बायकामुलें जवळ ठेवूं शकत. चित्रपटाचे कथालेखक ग. दि. माडगूळकर हे याच मुलखांतले. त्यांचा जन्म आटपाडी तालुक्यांतील शेटफळे येथें झाला. म्हणजे माळ त्यांच्या पायांखालचा होता आणि माणसें त्यांच्या शेजारचीं होतीं.

येथें मला एक संगति दिसते. मॅक्बेथनें मुकुट चोरला आणि त्यानंतर त्याच्या राज्यांत कोणालाच निर्भय झोप मिळाली नाहीं. औंधच्या राजानें मुकुटाचा भार आपल्या हातानें उतरविला, आणि त्याच्या राज्यांत खुनी मनुष्यालाहि उघड्या दारानें निजतां आलें. जो स्वतः सत्ता सोडूं शकतो, तोच दुसऱ्याच्या सुधारण्यावर विश्वास ठेवूं शकतो. 1948 मध्यें संस्थान विलीन झालें, पण स्वतंत्रपूरची वसाहत टिकली. पुढें येरवडा आणि पैठण येथेंहि खुलीं कारागृहें झालीं. चित्रपटानंतर तीनच वर्षांनीं, 1960 मध्यें, विनोबा भावे चंबळच्या खोऱ्यांत गेले आणि सुमारें वीस दरोडेखोरांनीं त्यांच्यापुढें शस्त्रें ठेवलीं. हेच विनोबा 1932 सालीं आमच्या खानदेशांत धुळ्याच्या तुरुंगांत होते. तेथें त्यांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं आणि साने गुरुजींनीं तीं टिपून घेतलीं, हें आपणांस ठाऊकच आहे. तुरुंगाच्या भिंतींतून माणसाच्या सुधारणेचा विचार बाहेर पडावा, याचें नवल वाटावयास नको.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. ज्याचा खून झाला, त्याच्या विधवेचें काय? खुनी मळा पिकवितो म्हणून तिचा नवरा परत येत नाहीं. हें खरें आहे. कोणत्याहि प्रायश्चित्तानें मेलेलें माणूस उठत नाहीं. म्हणूनच प्रायश्चित्त म्हणजे माफी नव्हे. स्वतंत्रपूरचा कैदी शिक्षा भोगीतच होता. प्रायश्चित्त मागचें पुसत नाहीं; पुढचें वांचवितें. मॅक्बेथचा दुसरा आणि तिसरा खून जर टळला असता, तर पहिला पुसला गेला नसता. पण बँको जगला असता आणि मॅकडफचीं मुलें जगलीं असतीं. एवढें फळ कांहीं थोडें नाहीं.

आतां माझ्याविषयीं थोडें सांगून हें भाषण संपवितों. मी नोकरींत नवा होतों तेव्हांची गोष्ट. वर्गाच्या सहलीचे जमविलेले पैसे टेबलाच्या खणांतून नाहींसे झाले. दुसऱ्या दिवशीं शाळा भरण्यापूर्वीं एक मुलगा एकटाच माझ्यापाशीं आला. पैसे त्यानेंच घेतले होते. बहुतेक सारे त्यानें माझ्यापुढें ठेवले. कांहीं खर्च झाले होते, ते आणून देईन म्हणाला. त्याला वाटलें असावें कीं, मास्तरांना एकांतांत सांगितलें म्हणजे तें एकांतांतच राहील. मीं काय केलें? शाळा भरल्यावर त्याला वर्गापुढें उभें केलें, सर्वांसमक्ष त्याच्याकडून कबुली वदवून घेतली आणि छडी मारली. इतर मुलांना जरब बसावी, हा माझा हेतु होता. जरब बसलीहि. तो मुलगा मात्र पुन्हा शाळेंत आला नाहीं.

पुष्कळ वर्षांनीं यात्रेंत एका दुकानावर मीं लगाम पाहत होतों. दुकानदार तोच निघाला. त्यानें मला ओळखलें, वांकून नमस्कार केला, बसावयास दिलें. मीं एक लहानशी वस्तु घेतली आणि नोट दिली. उरलेले पैसे त्यानें माझ्या देखत एकदां मोजले, आणि मग पुन्हा एकदां मोजून माझ्या हातावर ठेवले. दुसऱ्या गिऱ्हाइकाला तो एकदांच मोजून देत होता, हें मीं पाहिलें होतें.

त्या मुलानें पाप केलें, पण तें कबूलहि केलें; कॉडरच्या त्या सरदाराची वाट त्यानें धरली होती. सत्ता माझ्या हातांत होती, तो विश्वासून माझ्या दारीं आला होता, आणि घात केला तो मीं. तेव्हां त्याला दोन शब्द सांगावयाचे होते, ते माझ्या तोंडून निघाले नाहींत. मास्तरकीचा मान मला उतरवितां आला नाहीं. तो लहानसा मुकुटच होता. आज सर्वांसमक्ष मीं त्याला शिक्षा केली तशी सर्वांसमक्षच ही माझी कबुली देत आहें. त्याचें नांव मीं घेत नाहीं. तें घेण्याचा अधिकार एकदां मीं वापरून चुकलों आहें.

श्रोतेहो, आपणांपैकीं प्रत्येकाच्या हातीं कोठें ना कोठें थोडी सत्ता असते. बापाच्या हातीं मुलावर, मालकाच्या हातीं चाकरावर, मास्तराच्या हातीं वर्गावर. चुकलेला मनुष्य कबुली घेऊन आपल्या दारीं येईल, तेव्हां आपल्या हातांत काय असावें, छडी कीं नांगर, हें आधींच ठरवून ठेवावें. ऐन वेळीं तें सुचत नाहीं, असा माझा अनुभव आहे.