शाळिग्राम, विहिरीची माती आणि हिमालय

आपल्यापैकी पुष्कळांच्या देवघरात शाळिग्राम असेल. काळा, गुळगुळीत, आणि फुटला तर आत चक्राकार रेषा. तो नेपाळात गंडकीच्या पात्रात मिळतो. श्रद्धेने पाहिले तर ते विष्णूचे चक्र. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणतो, हा अ‍ॅमोनाइट नावाच्या प्राण्याचा शंख, वय सुमारे १५ कोटी वर्षे. हा तंटा आपण येथे उकरणार नाही. पण समुद्रातला प्राणी हिमालयात पोचला कसा, हे मात्र विचारलेच पाहिजे. ८,८४८ मीटर उंचीचा एव्हरेस्टचा माथादेखील चुनखडकाचा आहे आणि त्यातही सागरी जीवांचे अवशेष आहेत. शाळिग्रामाच्या काळातल्या त्या समुद्राला शास्त्रज्ञ टेथिस म्हणतात.

समुद्र मिटला, याची खूण लडाखात सिंधूच्या काठाने दिसते. खोल सागरतळाखाली असणारे गर्द हिरवे खडक तेथे एका अरुंद पट्ट्यात डोंगरावर चढून बसले आहेत. दोन कापडे जोडल्यावर शिवण दिसावी तसा हा पट्टा. त्याच्या दक्षिणेला भारताचा भूखंड, उत्तरेला आशियाचा.

ही टक्कर केव्हा झाली? त्या शिवणीजवळचे शेवटचे सागरी थर कोणत्या वयाचे, हे त्यांतील जीवाश्मांवरून ठरवतात. त्यावरून बहुतेक संशोधक सुमारे ५ ते ६ कोटी वर्षांपूर्वीचा काळ सांगतात. काहींना ती टक्कर बरीच अलीकडची वाटते. आम्हांला पहिले मत पटते. वाद मात्र मिटलेला नाही.

पण पर्वत वर आला केव्हा, हे पर्वतावरच पाहून कळत नाही. जे वर आले त्याचा माथा पावसाने आणि हिमनद्यांनी केव्हाच झिजवून नेला. मग पुरावा शोधायचा कुठे? विहीर खणताना काय होते ते आठवा. आधी काळी माती निघते, मग मुरूम, शेवटी पाषाण. काठावरच्या ढिगात मात्र क्रम उलटा होतो: माती तळाशी, पाषाण सर्वांत वर. हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिक टेकड्या आहेत, त्या म्हणजे असाच ढीग. नद्यांनी हिमालय झिजवून आणलेली वाळू आणि गोटे यांचे ते हजारो मीटर जाडीचे थर आहेत. त्या वाळूचे कण सूक्ष्मदर्शकाखाली निरखले, तर वरच्या थरांकडे जावे तसतशी कायनाइटसारखी, पर्वताच्या पोटात फार खोल, प्रचंड दाबाखाली तयार होणारी खनिजे दिसू लागतात. म्हणजे ती खोली तोवर उघडी पडली होती. थरांचे वय कळले की उत्थानाची रोजकीर्द हाती येते. आम्हांला या शास्त्रातली ही युक्ती सर्वांत आवडते. पर्वत गेला, पण हिशेब ठेवून गेला.

आता दुसरा साक्षीदार. तो हिमालयात नाही, आपल्या सह्याद्रीत आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. तो थंड होताना त्यातील लोहयुक्त कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेप्रमाणे स्थिर झाले. टांगलेली चुंबकसुई विषुववृत्तावर जवळजवळ आडवी राहते आणि ध्रुवांकडे जावे तशी अधिक झुकते. म्हणून खडकातील चुंबकत्वाच्या कलावरून त्या वेळचे अक्षांश काढता येतात. १९५६ च्या सुमारास इंग्लंडमधील संशोधकांनी दख्खनच्या दगडांवर ही मोजणी केली, तेव्हा भारत दक्षिण गोलार्धात असल्याचे दिसले. आज हे अक्षांश सुमारे ३० दक्षिण मानतात. आज तोच खडक विषुववृत्ताच्या उत्तरेस आहे. घाटातल्या रस्त्यावर ज्या काळ्या दगडाची खडी आपण तुडवतो, त्याने एवढा प्रवास केला आहे.

हा प्रवास थांबलेला नाही. एके काळी वर्षाला १५ सेंटिमीटरहून अधिक असलेला वेग टकरीनंतर मंदावला. आज उपग्रहांच्या साहाय्याने मोजला तर तो ४ ते ५ सेंटिमीटर भरतो. त्यातील सुमारे २ सेंटिमीटर हिमालयातच अडून राहतात. आपल्या नखाच्या वाढीहून हे अंतर थोडे कमीच. पण ते साठत जाते आणि एके दिवशी मोकळे होते. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार-नेपाळ हादरला, २५ एप्रिल २०१५ रोजी पुन्हा नेपाळ. मधल्या ८१ वर्षांत पर्वताच्या मुळाशी ताण साठत होता. आणि आज त्याच पायथ्याशी कोट्यवधी माणसे घरे बांधून राहत आहेत.