आमच्या बोक्याचा मधुमेह

माणसाच्या मधुमेहाविषयीं मराठींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे, आणि तो आमच्या घरांतहि नवा नाहीं. वडील बंधूंना रोज इन्शुलिन टोंचावें लागतें. मजला स्वतःला गेलीं बारा वर्षें गोळ्या चालू आहेत. परंतु हाच व्याधि मांजरासहि जडतो, हें सन २०२४ च्या मार्गशीर्षापर्यंत मजला ठाऊक नव्हतें. मजसारखीं अनभिज्ञ कुटुंबें आणखीहि असतील, असें समजून घरचा अनुभव येथें लिहितों. त्यांत माझ्या हातून घडलेली एक मोठी चूक आहे. तीहि लपवीत नाहीं.

आमचा भुऱ्या दहा वर्षांचा बोका. लहानपणींच त्याचें खच्चीकरण झालेलें, राहणें पुण्यांत तिसऱ्या मजल्यावर, उंदराशीं गांठ कधीं पडलीच नाहीं. घरांत आम्ही अकरा माणसें, आणि अकराहि जणांचा तो लाडका. सकाळीं बंधूंच्या चहांतलें बिस्किट, मुलांच्या ताटांतली दुधांत कुसकरलेली पोळी, दुपारीं दूधभात, संध्याकाळीं दुधावरची साय, आणि वाडगें कधीं रिकामें दिसूं नये म्हणून दिवसभर कोरड्या गोळ्या. प्रत्येकजण थोडेंच देत असे. परंतु अकरा थोड्यांची बेरीज कोणींच केली नव्हती. भुऱ्याचें वजन सात किलोंच्या वर गेलें तेव्हां आम्हीं त्यास कौतुकानें ‘शेटजी’ म्हणूं लागलों.

मग तो खाऊनहि उतरूं लागला. पाण्याचें भांडें दिवसांतून तीनदां रिकामें होई. मापून पाहिलें तों दिवसाला जवळजवळ पाऊण लिटर पाणी पितो असें आढळलें. खिडकीवर उडी मारणारा बोका मागच्या पायांच्या टांचा टेंकून, जणूं थकलेल्या म्हाताऱ्यासारखा, चालूं लागला. त्याच्या अंगावरचे केंस गुंतले. मृज् म्हणजे स्वच्छ करणें, या धातूपासून ‘मार्जार’ शब्द साधतात. तेव्हां मार्जारानें अंग चाटणें सोडलें म्हणजे त्याचें नांवच गेलें म्हणावयाचें. आणि एके दिवशीं सुनेनें दाखविलें कीं, त्याच्या मातीच्या तबकाभोंवतीं मुंग्यांची रांग लागली आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानांत प्रमेहाच्या पूर्वरूपांमध्यें मूत्राकडे मुंग्या येतात असें सांगितलें आहे. तें मीं तरुणपणीं वाचलें होतें, परंतु मांजराच्या तबकापाशीं त्याचें स्मरण झालें नाहीं. स्मरण सुनेला झालें, आणि तिनें चरक उघडूनहि पाहिला नाहीं.

पशुवैद्यांनीं रक्त तपासलें. ग्लुकोज ३८० भरलें. निरोगी मांजराचें तें साधारण ८० ते १२० असतें. तथापि मांजर घाबरलें तरी त्याची साखर तात्पुरती पुष्कळ चढते, म्हणून एका आंकड्यावर त्यांनीं निर्णय दिला नाहीं. मूत्रांत साखर सांपडली, आणि मागील एकदोन आठवड्यांची सरासरी दाखविणारी फ्रुक्टोसामीन नांवाची तपासणीहि केली, तेव्हां निदान निश्चित झालें. वजन ६.४ किलो. म्हणजे बोका झिजत होता आणि तरीहि लठ्ठच होता. चरकानें स्थूल व कृश असे प्रमेहाचे दोन रोगी वेगळे सांगितले आहेत. आमच्या येथें ते एकाच कातड्यांत नांदत होते.

डॉक्टरांनीं जें समजावून सांगितलें तें थोडक्यांत असें. मांजर हें केवळ मांसाहारावर जगण्यासाठीं घडलेलें आहे. त्याच्या लाळेंत पिष्ट पचविणारें द्रव्य जवळजवळ नाहींच, आणि एकदम आलेल्या साखरेची विल्हेवाट लावण्याची त्याच्या यकृताची शक्ति फार बेताची. गोड चव तर त्यास मुळींच कळत नाहीं. ती ओळखणारें जनुक मांजराच्या जातींत निकामी झालेलें आहे, हें अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं सन २००५ मध्यें दाखविलें. तेव्हां आमचा पेढा तो गोडासाठीं नव्हे, दुधाच्या स्निग्धपणासाठीं खात असे! चरबी वाढली कीं इन्शुलिन लागू पडेनासें होतें, आणि तें निर्माण करणारें इंद्रिय थकून जातें. लठ्ठ, वयस्क, खच्ची केलेले बोके या व्याधीस विशेषेंकरून बळी पडतात. दुधांतहि शेंकडा साडेचार-पांच भाग साखरच असते. कोरड्या गोळ्यांना आकार यावा म्हणून पीठ घालावेंच लागतें. पुष्कळ गोळ्यांत तें चौथ्या हिश्श्याहून अधिक भरतें. मधुमेही मांजराच्या अन्नांतील एकंदर उष्मांकांपैकीं पिष्टाचे उष्मांक शेंकडा बारांहून कमी असावेत, बाकी मुख्यतः मांसाचीं प्रथिनें असावींत.

मांसाचीं! आमच्या घरांत कांदा-लसूणहि चातुर्मासांत वर्ज्य. त्या रात्रीं जेवणानंतर जी सभा भरली ती मी विसरणार नाहीं. बंधूंचें म्हणणें, पनीर व अंडीं यांवर भागवावें. परंतु टॉरिन नांवाचें द्रव्य मांजरास पुरेसें बनवितां येत नाहीं, तें मांसांतूनच मिळावें लागतें. त्याच्या अभावीं डोळे व हृदय बिघडतें. माझें मत मीं स्पष्ट सांगितलें: व्रत आपण घेतलें आहे, बोक्यानें नव्हे. पाणिनीनें शाश्वत वैर असणाऱ्यांच्या समासाचा नियम सांगितला, त्यावर काशिकाकारांनीं मांजर-उंदराचें उदाहरण दिलें. मांजर भातावर जगतें असें कोण्या वैयाकरणानें लिहिल्याचें मला ठाऊक नाहीं. अखेर तडजोड झाली. डॉक्टरांनीं सांगितलेलें ओलें तयार अन्न बंद पाकिटांतून आणावयाचें, मागच्या सज्ज्यांत वेगळी वाटी, वेगळा चमचा, आणि वाढण्याचें काम सुनेकडे. घरीं कोंबडी उकडून देणारींहि कुटुंबें आहेत. परंतु नुसतें मांस म्हणजे पूर्ण अन्न नव्हे, त्यांत चुना व इतर द्रव्यें पशुवैद्यास विचारूनच घालावीं लागतात. कांदा व लसूण मात्र मांजरास विषच, मग चातुर्मास असो वा नसो.

आतां माझी चूक. पहिले तीन आठवडे जुन्याच आहारावर इन्शुलिन सुरूं झालें होतें व मात्रा वाढवीत दिवसांतून दोनदां दोन युनिटांवर आणली होती. नवें अन्न आठदहा दिवसांत हळूहळू बदलावें आणि बदलास आरंभ करण्यापूर्वीं कळवावें, असें डॉक्टरांनीं बजावलें होतें. परंतु चाळीस वर्षें वर्गांत शिस्त लावलेला माणूस मी! सोमवारीं सकाळीं दूध, भात, गोळ्या, सर्व एकदम बंद करून ओलें अन्न सुरूं केलें; डॉक्टरांना कळविलें नाहीं, मात्रा तीच ठेविली. दुसऱ्या दिवशीं दुपारीं भुऱ्या झोंकांड्या खात आला, भिंतीवर आपटला, व आडवा पडून त्याचे पाय थरथरूं लागले. मी वाडग्यांतून साखरेचें पाणी त्याच्या तोंडांत ओतणार, तोंच सून ओरडली, “बाबा, ओतूं नका, श्वासनलिकेंत जाईल!” तिनें बोटावर मध घेऊन त्याच्या हिरड्यांना चोळला, एकीकडे नातवाला रिक्षा आणण्यास पिटाळलें. रात्रभर बोका दवाखान्यांत होता. पीठ कमी झालें कीं इन्शुलिनची गरज झपाट्यानें उतरते, कधीं दोन दिवसांतच. तीच मात्रा मग प्राणघातक होते. डॉक्टरांनीं मला दोष दिला नाहीं. त्यांनीं नुसतें विचारलें, “गुरुजी, मला एक फोन केला असता तर?”

मात्रा एका युनिटावर आली. पुढें माघांत निराळेंच कोडें पडलें. वजन हलेना, आणि संध्याकाळची साखर कारणावांचून चढलेली दिसे. मीं मुलांवर संशय घेतला, हजेरीपटासारखी वही घातली, कोणी काय दिलें तें लिहवून घेतलें. वही निर्मळ होती. एके दुपारीं सर्व निजले असतां पाणी पिण्यास उठलों, तों आई आपल्या ताटाशीं बसलेली व भुऱ्या तिच्या मांडीला टेंकलेला. आई नव्वदीला आली आहे. मी कांहीं बोलण्यापूर्वींच ती म्हणाली, “अरे, दहा वर्षें ज्याला घांस दिला, त्याच्याकडे पाठ करून मीं जेवावें कसें?” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें. पाकिटांतलें अन्न ती हातीं घेणार नाहीं, तेव्हां त्यांतला चमचा तिच्याकडे देण्याची युक्ति चालण्यासारखी नव्हती. सुनेनेंच मार्ग काढला: तिनें आईच्या हातीं मऊ दातांची एक फणी दिली.

वजनाविषयीं एक धोका ध्यानांत ठेवला पाहिजे. लठ्ठ मांजरास उपाशी ठेवणें हें औषध नव्हे. त्यानें दोनतीन दिवस अन्न सोडलें तर अंगांतली चरबी यकृतांत सांचून तें मरूं शकतें. म्हणून आधीं साखर ताब्यांत आणावयाची, मगच वजन. आणि तेंहि आठवड्यास शेंकडा अर्धा ते एक भाग इतक्याच वेगानें. आमच्या बोक्याच्या बाबतींत हें तीसचाळीस ग्रॅम ते साठ ग्रॅम झालें. एवढा फरक माणसाच्या कांट्यावर दिसत नाहीं. टोपलींत बसवून स्वयंपाकघरांतल्या कांट्यावर दर रविवारीं त्याच वेळीं तोलावें. बोक्यानें जेवण नाकारलें तर इन्शुलिन टोंचण्याआधीं डॉक्टरांस विचारावें. ओकाऱ्या व मलूलपणाहि त्याबरोबर असेल तर विचारीत न बसतां घेऊन जावें.

ज्या घरांत माणसासाठींहि इन्शुलिन आहे त्यांनीं सुयांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावें. बंधूंची बाटली मिलिलिटरास ४० युनिटांची, त्यांच्या सुईचें टोपण तांबडें. भुऱ्याची बाटली १०० युनिटांची, तिच्या सुईचें टोपण नारिंगी. सुया बदलल्या तर बोक्यास अडीचपट मात्रा जाईल. आम्हीं दोन निराळे डबे केले आहेत आणि ते निराळ्या खोल्यांत असतात. मेथ्या, कारल्याचा रस, आपल्या गोळ्यांतली अर्धी, असे उपाय शेजारणींनीं पुष्कळ सुचविले. त्यांचे आभार मानून मीं ते सर्व बाजूस ठेविले.

सन २०२५ च्या आषाढांत भुऱ्याचें वजन ५.३ किलो भरलें. पाण्याचें भांडें आतां एकदांच भरावें लागतें. मात्रा अर्ध्या युनिटावर आली आहे. कांहीं मांजरांचें इन्शुलिन, विशेषतः आरंभींच आहार सांभाळला तर, अजिबात सुटतें. परंतु वजन वाढलें कीं रोग परत येतो, म्हणून डॉक्टर घाई करूं देत नाहींत. आईचें जेवण आटोपलें कीं तो अजूनहि तिच्या मांडीशीं जाऊन बसतो. ती हात धुते, फणी घेते, आणि त्याची पाठ विंचरीत राहते. परवां मीं पाहिलें, तिनें फणी खालीं ठेवल्यावर तो उठला नाहीं. तेथेंच बसून स्वतःचा पंजा चाटूं लागला.