मामा तलावाचा अभ्यास करताय? मग आधी कायद्याच्या कपाटाकडे या

तलावातले मासे, पाणवनस्पती, गाळ यावर पीएचडी करणाऱ्याने कायद्याच्या ग्रंथालयात कशाला जायचं? मलाही सुरुवातीला असंच वाटायचं. पण भंडारा जिल्ह्यातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, नुसते पाण्याचे साठे नाहीत. त्या पाण्यावर कुणाचा किती हक्क, हे कागदावर उतरलेलं आहे, आणि ते कागद विज्ञानाच्या जर्नलमध्ये सापडत नाहीत.

थोडी पार्श्वभूमी. नागपूरचं राज्य 1853 मध्ये खालसा झालं आणि 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला. 1860 च्या दशकातल्या बंदोबस्तात सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना गावाची मालकीच देऊन टाकली. ए. जे. लॉरेन्स यांचा भंडाऱ्याचा बंदोबस्त अहवाल 1867 चा आहे. शोधताना 'भंडारा'चं इंग्रजी स्पेलिंग बदलून पाहा, जुन्या अहवालांवर ते वेगळंच असतं. आणखी एक गोची: 1908 च्या गॅझेटियरमध्ये जिल्ह्यात भंडारा, तिरोडा आणि साकोली या तीनच तहसिली आहेत, तर गोंदिया 1999 मध्ये वेगळा जिल्हा झाला. म्हणजे आजच्या गोंदियातल्या गावाचा कागद जुन्या भंडाऱ्याच्या गठ्ठ्यात असतो.

आता मुख्य दस्तऐवज, वाजिब-उल-अर्ज. शब्दाचा अर्थ 'मांडण्याजोगं'. गावातल्या चालीरीतींची ही नोंद: तलावाचं पाणी कुणाच्या शेताला, पाट कुठून, मासे कोण धरणार, वाट कुणाची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये विदर्भासाठी यावर वेगळं प्रकरणच आहे. कलम 161 निस्तार पत्रकाचं, कलम 165 वाजिब-उल-अर्जचं. पण वाचताना एक प्रश्न सतत विचारा: हे सांगितलं कुणी? जुन्या नोंदी बंदोबस्ताच्या अधिकाऱ्यांनी लिहिल्या, तेव्हा गावात वजन मालगुजाराचं होतं. कुळाचं किंवा ढिवराचं म्हणणं त्यात जसंच्या तसं आलं असेल, हे मी गृहीत धरत नाही.

ते ताडून पाहायला निकाल कामी येतात. मध्य प्रांतात आधी ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट होतं, 1936 मध्ये नागपूर हायकोर्ट झालं. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत ते हायकोर्ट जबलपूरला गेलं आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. त्यामुळे 1936 ते 1956 चे निकाल आय.एल.आर.च्या नागपूर मालिकेत पाहायचे. मात्र छापले गेले ते निवडक निकाल. साक्षी, जबान्या खालच्या कोर्टाच्या फाइलीत असायच्या, आणि त्यातल्या कितीतरी मुदत संपल्यावर नष्ट केल्या जातात. त्यासाठी 1917 चा कायदाच आहे. फाइल मिळाली नाही म्हणून वाद झालाच नाही, असं लिहू नका!

सगळ्यात महत्त्वाचं वळण 1951 चं. मालकी हक्क रद्द करणारा 1950 चा मध्य प्रदेशचा कायदा आला आणि त्यानुसार 31 मार्च 1951 पासून ते हक्क राज्याकडे गेले. अहेरीच्या जमीनदारांनी त्याला आव्हान दिलं, सुप्रीम कोर्टाने 1952 मध्ये कायदा कायम ठेवला. तलाव सरकारजमा झाले, पण सगळे नाही. कलम 5 नुसार धारण केलेल्या (ऑक्युपाइड) जमिनीतले तलाव आधीच्या मालकाकडे राहिले. म्हणजे त्या वेळी तुमच्या तलावाचा खसरा नंबर कोणत्या प्रकारात लिहिला होता, यावर आज पाळ कुणी दुरुस्त करायची आणि पाणीपट्टी कुणी मागायची हे ठरतं.

आता माझी फजिती. जुन्या नोंदीतलं क्षेत्र मी एकर-गुंठ्यात वाचलं. आपल्याकडे ते एकर-डिसमिल, म्हणजे दशांशात असतं. समजा 12.35 लिहिलंय. बरोबर वाचलं तर ते सुमारे 5 हेक्टर. 12 एकर 35 गुंठे धरलं की होतात 5.21. आजची मोजणी 5 आली, तर मी 'तलावावर चार टक्के अतिक्रमण' असं लिहून मोकळा! गाइडने विचारलं, "एकक काय धरलंस?" तेव्हा कुठे ट्यूब पेटली. तालुक्याला जाऊन पुन्हा नक्कल काढली. तेव्हापासून प्रत्येक फोटोसोबत मौजा, पटवारी हलका, बंदोबस्ताचं साल आणि एकक वहीत लिहून ठेवतो.