मुंबईचं ताट, शेजारचं शिवार

मे 2020. कोरोनाचे रुग्ण वाढले म्हणून वाशीचा घाऊक बाजार आठवडाभर बंद राहिला. एरवी पहाटे तिथे नाशिक-पुण्याकडच्या गाड्या रिकाम्या होतात, तेव्हा कुठे महानगरात फोडणी पडते. त्या काळात शेतकरी गटांनी सोसायट्यांच्या दारात भाजी उतरवली आणि ‘आता जवळचंच पिकवून खाऊ’ या विचाराला बहर आला. त्याबरोबर गैरसमजांचं तणही उगवलं.

पहिला स्वयंपूर्णतेचा. दोन कोटींहून अधिक माणसांचा गहू, डाळ, कांदा ठाणे-पालघर-रायगडातून निघणं शक्य नाही. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून तो लासलगावच्या कांद्याची जागा घेणार नाही. भात निघाल्यावर त्याच वावरात तो लावतात. दुसऱ्या पिकाचा पैसा हाती आला, तर जमीन विकायची घाई होत नाही; त्याचं खरं मोल हे.

अन्नसुरक्षा म्हणजे रेशनचा गहू-तांदूळ, हाही गैरसमजच. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्यही आहे. त्याचा दर तेव्हा किलोला 1 रुपया ठरला होता. जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर नाचणी आणि वरी पिकते. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पांढऱ्याशुभ्र तांदळात ते नावापुरतंच. पण शहरात हीच नाचणी मॉलच्या शौकीन कप्प्यात जाऊन बसते!

जवळचं ते शुद्ध, असंही नाही. रुळांलगतच्या पालकाला नाल्याचं पाणी देतात, ही तक्रार जुनी आहे. अंतर कमी झालं म्हणून सांडपाण्यातले जड धातू कमी होत नाहीत.

राहिला पावसाळा. तेव्हा म्हणे स्थानिक काही मिळत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पण कोळीवाड्यांनी सुके बोंबील, जवळा उन्हाळ्यातच भरून ठेवलेला असतो. शिवाय कल्याण, बदलापूरच्या स्टेशनांबाहेर आदिवासी बायका शेवळं, टाकळा, कंटोळी या रानभाज्या घेऊन बसतात. शेवळांत काकडं घातली नाहीत तर घसा खवखवतो, हे ज्ञान भाजीबरोबर फुकट.

2016मध्ये राज्याने फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केल्या. थेट विक्रीची वाट कागदावर मोकळी झाली. शेवळंवाली मात्र अजून पालिकेची गाडी दिसली की टोपली उचलते.