सातबाऱ्यातील क्लास डायग्राम

संगणकप्रणाली ज्या व्यवहारासाठी लिहायची, त्यातील घटक कोणते, त्यांचे गुणधर्म काय आणि ते एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, हे आधी रेखाटून पाहण्याच्या पद्धतीला क्लास डायग्राम म्हणतात. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार याकोबसन यांच्या कामातून उभी राहिलेली आणि 1997 मध्ये प्रमाण ठरलेली ‘यूएमएल’ ही चिन्हपद्धती त्यासाठी वापरतात. तीत प्रत्येक क्लास, म्हणजे एकाच प्रकारच्या वस्तूंचा साचा, तीन कप्प्यांच्या चौकटीत बसतो आणि त्या कप्प्यांत अनुक्रमे नाव, गुणधर्म व क्रिया लिहितात.

जुन्नर तालुक्यातील आणे या पठारावरच्या गावातील शेताचा सातबारा या दृष्टीने वाचला, तर ‘गट’ आणि ‘खातेदार’ हे दोन क्लास लगेच दिसतात. गटाकडे क्रमांक, क्षेत्र, पोटखराबा (लागवडीस अयोग्य भाग) व आकारणी हे गुणधर्म येतात. एका गटाला अनेक खातेदार असू शकतात आणि एका खातेदाराचे अनेक गट असू शकतात, म्हणून दोन चौकटी जोडणाऱ्या रेषेच्या दोन्ही टोकांना ‘एक किंवा अनेक’ असे लिहावे लागते. खरी कसोटी यापुढे लागते. समजा, 2 हेक्टरच्या एका गटात, खातेफोड होऊन खाती वेगळी झालेल्या तीन भावांकडे 80, 80 आणि 40 आर क्षेत्र आहे आणि थोरल्याची बेल्हे या गावातही जमीन आहे. 80 आर हा आकडा थोरल्याच्या चौकटीत लिहिला, तर तो कोणत्या गटातला हे कळत नाही. गटाच्या चौकटीत लिहिला, तर तो कोणाचा हे कळत नाही. हिस्सा हा दोघांपैकी कोणाचाही गुणधर्म नसून त्यांच्यातील संबंधाचा आहे, म्हणून ‘धारणा’ हा तिसरा क्लास काढून तो रेषेला जोडावा लागतो. सर्व धारणांची बेरीज गटाच्या क्षेत्राइतकी आहे का, हे पडताळण्याची क्रिया मात्र गटाकडेच शोभते.

जमीन विकण्याची मुभा असलेला भोगवटादार वर्ग 1 आणि त्यासाठी सरकारी परवानगी लागणारा वर्ग 2 यांसाठी दोन उपक्लास, म्हणजे मूळ क्लासचे पोटप्रकार, काढण्याचा मोह सहज होतो, पण वर्ग 2 ची जमीन रीतसर परवानगीने वर्ग 1 होऊ शकते, आणि एकदा घडलेल्या वस्तूचा क्लास बदलणे बहुतेक संगणकभाषांत अवघड असते. त्यामुळे तो बदलता गुणधर्म म्हणून ठेवणेच योग्य. तसेच वारसनोंदीनंतर जुन्या नावाला कंस होतो, ते पुसले जात नाही, म्हणून प्रत्येक धारणेला तिच्या फेरफाराशी, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीशी, जोडणे अटळ ठरते.

असे आरेखन वाचायला प्रोग्रामिंग यावे लागत नाही. म्हणून प्रणाली लिहिण्याआधीच ते ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि खातेदार यांच्यापुढे तपासणीसाठी ठेवले पाहिजे.