टाचा खरवडू नका, मऊ करा

दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी पडते आणि घरोघरी पाय उलायला लागतात. अभ्यंगस्नानाला वज्री हाती आली की सुटलेली पांढरी साल खसाखसा घासून काढायचा मोह होतो. दोन दिवस टाच गुळगुळीत दिसते, मग कातडी पुन्हा धरते आणि बहुतेकदा आधीपेक्षा राठ होते. घर्षण झालं की कातडी जाड करायची, हा शरीराचा स्वतःला जपण्याचा मार्गच आहे.

तळपायाला घामाच्या ग्रंथी भरपूर, पण तैलग्रंथी एकही नाही. अंगावर इतरत्र असतं तसं तेलाचं पांघरूण इथे नसल्यामुळे ओलावा भराभर उडतो. त्यात उभं राहिलं की भाराने टाच बाजूंना फाकते. मागून उघड्या चपलेत तर तिला आधारच नसतो. कोरडी, जाड कातडी ताणली जात नाही, ती फाटते. तीच भेग.

म्हणून तिथे ओलावा टिकवावा लागतो. पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा. कडकडीत पाणी नको. बोटांच्या बेचक्यांसकट टिपून कोरडे करा आणि लगेच मलम लावा. साध्या कोरडेपणाला 10 टक्के युरियाचं क्रीम पुरतं, फार जाड टाचांना 20 ते 25 टक्क्यांचं. युरिया कातडीत पाणी धरून ठेवतो आणि राठ थर सैल करतो. उघड्या भेगेत मात्र तो झोंबतो. तिथे साधी पेट्रोलियम जेली बरी. कोकणात आणि गोव्यात याच कामाला भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, पिढ्यान्‌पिढ्या वापरलं जातं आणि ते योग्यच आहे. जरा कोमट करून पातळ झालं की भेगांवर लावायचं. मेण वितळवून गरमागरम ओतण्याचा प्रकार मात्र पूर्ण सोडा, त्याने पाय भाजतात. मलमावर सुती मोजे घाला. तेलकट पायांनी फरशीवरून घसरून वडीलधाऱ्यांची हाडं मोडतात.

वज्री चालेल, पण भिजलेल्या पायावर, हलक्या हाताने, आठवड्यातून एकदा. ब्लेड कधीच नाही.

सगळी साल कोरडेपणाची नसते, हेही ओळखायला हवं. बेचक्यांत पांढरट, ओली, खाजरी कातडी असेल तर त्या चिखल्या. तिथे क्रीम लावू नका, जागा कोरडी ठेवा. एकाच तळव्यावर पिठासारखा कोंडा सुटत राहिला आणि क्रीमने हटला नाही, तर बुरशीचा संशय घ्यावा. अशा वेळी दुकानातून मनानेच आणलेली स्टेरॉइडमिश्रित ट्यूब खाज दडपते आणि आत बुरशी पसरवते. सोरायसिस किंवा इसबही असंच दिसू शकतं. त्वचारोगतज्ज्ञ खरवडलेला कोंडा तपासून बुरशी आहे की नाही ते सांगू शकतात.

मधुमेह असलेल्यांची गोष्ट वेगळी. नसांची जाणीव कमी झाली की भेग दुखत नाही, आणि न दुखणारी भेग चिघळेपर्यंत कळत नाही. त्यांनी वज्री, कुरपाच्या पट्ट्या, सॅलिसिलिक अ‍ॅसिड हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरूच नये. पाण्याची ऊब पायाने न बघता कोपराने बघावी. रक्त, पू, सूज किंवा लाली दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

घरात मधुमेही आई-वडील, आजी-आजोबा असतील, तर त्यांना स्वतःचे तळवे वाकून पाहता येत नाहीत. रोज संध्याकाळी उजेडात ते तुम्ही पाहा.