अनोळखी शब्दांचे काय करायचे?

मूलमधल्या एका शाळेला जुने संगणक मिळाले, तेव्हा त्यांवर लिनक्स घालून देण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्याच यंत्राचा पडदा काळा. उपाय माहीत होता. यंत्र सुरू होताना 'ग्रब'च्या यादीत 'ई' दाबायचे आणि 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहायचे. म्हणजे ग्राफिक्सच्या ड्रायव्हरने पडद्याची मांडणी बदलायची नाही. लिहिले. पडदा पुन्हा काळाच! अर्ध्या तासाने लक्षात आले, एक अक्षर गळाले होते. पण यंत्राने चूक दाखवली का नाही?

कर्नेल जागे होते तेव्हा त्याला फाइल उघडता येत नाही. कोणती डिस्क आपली, हेच अजून ठाऊक नसते. म्हणून ग्रब त्याच्या हाती एक ओळ देतो. इंटेल घराण्याच्या चिपवर तिची मर्यादा २०४८ बाइटांची. 'रूट=' म्हणजे मूळ डिस्क अमुक; 'क्वायट' म्हणजे फार बोलू नकोस. शब्द मोकळ्या जागेवर तुटतात, अवतरणचिन्हांत असले तर तुटत नाहीत. वाचनही एका फेरीत होत नाही. 'मेम=' सारखा शब्द स्मृतीची व्यवस्था लागण्याआधीच हवा असतो, म्हणून तसे शब्द आधी उचलले जातात. कर्नेलचा प्रत्येक भाग आपला शब्द आणि त्यावर करायचे काम एका वेगळ्या कप्प्यात नोंदवून ठेवतो. सुरुवात पार पडली की तो कप्पा मोकळा करून जागा परत घेतली जाते. काटकसर अशी असावी!

आता अनोळखी शब्द. कर्नेल तो फेकत नाही, आपल्यानंतर सुरू होणाऱ्या पहिल्या प्रोग्रामकडे, म्हणजे 'इनिट'कडे, सोपवते. बरोबरचे चिन्ह असेल तर एन्व्हायरन्मेंटमध्ये, नसेल तर आर्ग्युमेंट म्हणून. ओळ दोघांच्या सामायिक वापराची आहे. मला कळले नाही म्हणजे ते चूकच, असे कर्नेल म्हणू शकत नाही. माझा मोडका शब्द असाच पुढे गेला आणि तिथे कोणी विचारले नाही. २०२१ च्या ५.१४ आवृत्तीपासून असे शब्द नोंदवहीत छापले जातात खरे, पण काळ्या पडद्यावर ते वाचणार कोण?

या सामायिकपणावरून २०१४ मध्ये मोठे भांडण झाले. 'डीबग' हा कर्नेलचा जुना शब्द 'सिस्टमडी' हा इनिट प्रोग्रामही आपला म्हणून वाचू लागला. कोणी तो लिहिला की त्याच्या संदेशांचा पूर येई आणि यंत्र सुरूच होईना. लिनस टॉरवॉल्ड्स यांनी चिडून त्या प्रकल्पातील के सीव्हर्स यांचे काम स्वीकारणार नाही, असे जाहीर केले. ओळीतला 'डीबग' शब्द बाकीच्यांपासून लपवावा, असाही प्रस्ताव आला. माझ्या मते सिस्टमडीची चूक होती: सामायिक ओळीत आपले शब्द आपल्या नावाच्या उपसर्गानेच लिहावेत.

शाळेच्या यंत्रावर तो शब्द ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत कायमचा लिहून ठेवला. रोमन अक्षरे नऊ. या वेळी दोनदा मोजली.